कमिनो देल दियाब्लो: रांजणातल्या पाण्याच्या जुन्या वाटेने गाडीने आणि पायी जाण्याबाबत

निवडुंग

नमस्कार मंडळी,

मी गेली सहा वर्षे अ‍ॅरिझोनात फीनिक्सजवळच्या चँडलर गावी राहतो. येत्या जानेवारीत माझे वडील आणि मामेभाऊ शिरूरहून येत आहेत. वडील निवृत्त भूगोलशिक्षक आहेत, वय ६७ आहे आणि अजूनही रोज पाच-सहा किलोमीटर चालतात. त्यांना नेहमीची प्रेक्षणीय स्थळे दाखवण्याऐवजी आहो या गावापासून मेक्सिकोच्या सीमेला लागून पश्चिमेकडे वेल्टन आणि युमापर्यंत जाणाऱ्या ‘एल कमिनो देल दियाब्लो’ (सैतानाची वाट) या जुन्या वाटेने न्यावे, असे माझ्या मनात आहे. अंतर सुमारे २०० किलोमीटर असून दोन मुक्काम आणि तीन दिवस असा बेत आहे.

गाडी फोर बाय फोर आहे आणि तिची जमिनीपासूनची उंची चांगली आहे, परंतु खऱ्या वाळूत मी ती फारशी चालवलेली नाही. बरोबर दुसरी गाडी नाही. नकाशावर वाटेत पापागो वेल, टूली वेल आणि शेवटी टिनाहास आल्तास असे तीन पाणवठे दाखवले आहेत. त्या भरवशावर गाडीतले पाण्याचे ओझे थोडे कमी केले तर चालेल का? टिनाहास आल्तासच्या टाक्यांपर्यंत वडिलांना चढता येईल का? आणि या वाटेचा इतिहास प्रत्यक्ष डोळ्यांना कुठे दिसतो? वडिलांना जागेवर उभे राहून समजून घ्यायची सवय आहे, म्हणून हा शेवटचा प्रश्न माझ्या दृष्टीने सर्वांत महत्त्वाचा आहे. जाऊन आलेल्यांनी सविस्तर लिहावे, ही विनंती.

चाकोरी

नमस्कार. मी टूसॉनला राहतो आणि ही वाट आजवर चार वेळा केली आहे. तुमच्या प्रश्नांपैकी पाण्याच्या प्रश्नाचे उत्तर आधी देतो, कारण तिथे चूक झाली तर बाकीच्या उत्तरांना अर्थ उरत नाही. नकाशावरच्या त्या तीन निळ्या टिंबांतले एक थेंबही पाणी तुमच्या हिशेबात धरू नका. विहिरींवरची यंत्रणा कधी चालू असते, कधी बंद असते, आणि तिथले पाणी मुख्यतः वन्यप्राण्यांसाठी असते. टिनाहांतले, म्हणजे कातळातल्या नैसर्गिक टाक्यांतले, पाणी पावसावर अवलंबून असते. काबेसा प्रिएता अभयारण्याच्या पूर्व भागात वर्षाला २०० मिलीमीटरहून थोडा अधिक पाऊस पडतो, पण पश्चिमेकडे तो ८० मिलीमीटरच्या आसपास येतो, आणि टिनाहास आल्तास अगदी पश्चिमेच्या टोकाला आहे.

हिशेब असा करावा. तुम्ही तिघे आणि तीन दिवस, शिवाय गाडी अडकली तर मदत येईपर्यंतचे दोन दिवस, म्हणजे एकूण पंधरा माणसांचे दिवस झाले. जानेवारीतही माणशी रोज सहा लीटर धरावे, म्हणजे ९० लीटर होतात, आणि रेडिएटरसाठी दहा लीटर वेगळे. हे पाणी एका मोठ्या टाकीत न भरता लहान कॅनमध्ये भरावे. माझ्या पहिल्या फेरीत पिंता सँड्सच्या पुढे खडबडीत वाटेवर हादरे बसून एका नव्याकोऱ्या पंचवीस लीटरच्या कॅनची शिवण उकलली आणि आम्हाला ते कळले ते अंथरूण भिजल्यावर. आणखी चार कॅन भरलेले होते म्हणून तेवढ्यावर निभावले. तेव्हापासून मी दर थांब्यावर मागचे दार उघडून कॅनच्या तळाखाली हात फिरवून पाहतो.

रस्त्याविषयी बोलायचे तर पिंता सँड्सचा पट्टा खोल वाळूचा आहे. तिथे टायरमधली हवा वीस पाउंडांच्या आसपास आणावी आणि एकदा वाळूत शिरल्यावर मध्येच ब्रेक लावू नये. त्याच परिसरात मेक्सिकोतल्या पिनाकाते ज्वालामुखीचा लाव्हा सीमा ओलांडून आला आहे. तिथले काळे दगड टायरची बाजूची भिंत कापतात, आणि ती कापली गेली की पंक्चरच्या सामानाचा उपयोग होत नाही. म्हणून दोन स्टेपन्या, जॅकखाली ठेवायला रुंद फळी, फावडे आणि हवा भरायचा पंप एवढे सामान असल्याशिवाय आहो सोडू नये. काही सपाट भागांत वाळूपेक्षाही त्रासदायक असा बारीक फुफाटा आहे, त्यात आधीच्या गाड्यांच्या खोल चाकोऱ्या पडलेल्या असतात आणि चाकोरीतून बाहेर निघायला जाल तर गाडी पोटावर बसते. लास प्लायास हा कोरड्या तळ्याचा तळ आहे. पाऊस पडला की त्याचा चिखल होतो आणि मग फोर बाय फोरही तिथे काही कामाची नसते. निघण्यापूर्वी आठवडाभरात पाऊस झाला असेल तर बेत पुढे ढकला.

एकट्या गाडीने जावे की नाही, याबाबत माझे मत स्पष्ट आहे: पहिल्यांदा जाताना आणि वडील बरोबर असताना जाऊ नये. वाटेवर मोबाइलला रेंज जवळजवळ नसतेच. सीमेपलीकडचा महामार्ग जवळ असल्यामुळे कधीकधी मेक्सिकोचे नेटवर्क लागते, पण तो योगायोग असतो. उपग्रहावरून संदेश पाठवणारे यंत्र भाड्याने मिळते, ते घ्यावेच. दुसरी गाडी मिळणार असेल तर मी फेब्रुवारीच्या पहिल्या आठवड्यात मोकळा आहे.

परवाना लागतो. या वाटेचा मोठा भाग काबेसा प्रिएता अभयारण्यातून आणि पश्चिमेचा भाग बॅरी गोल्डवॉटर या लष्करी सराव क्षेत्रातून जातो. दोन्हींसाठी एकच परवाना आहे आणि तो ऑनलाइन मिळतो. कोणता भाग कोणत्या दिवशी खुला आहे, हेही तिथेच पाहावे. परवान्यात न फुटलेल्या दारूगोळ्याबद्दल इशारा आहे आणि तो खरा आहे, तेव्हा धातूची कोणतीही वस्तू दिसली तरी मामेभावाने ती उचलू नये. गाडी रस्त्याच्या मध्यापासून पन्नास फुटांपलीकडे नेता येत नाही. अभयारण्यात लाकूड पेटवता येत नाही, म्हणून गॅसची शेगडी न्यावी. पेट्रोल आहोमध्ये काठोकाठ भरावे, कारण पुढचा पंप थेट वेल्टनला लागेल.

जुनी वाट

वरचा प्रतिसाद वाचून समाधान वाटले. मी वाटेच्या इतिहासाबद्दल लिहितो, आणि सुरुवात एका शब्दापासून करतो, कारण तुमच्या वडिलांना तो नक्की आवडेल. ‘टिनाहा’ या स्पॅनिश शब्दाचा अर्थ मातीचा मोठा रांजण असा आहे, आणि टिनाहास आल्तास म्हणजे उंचावरचे रांजण. शिरूरचा माणूस निघोजला आणि टाकळी हाजीला गेलेला नसेल असे होणार नाही. कुकडीच्या पात्रातल्या त्या खोल गोल खड्ड्यांना आपण रांजणखळगेच म्हणतो. पाण्याने दगडात केलेला खड्डा पाहिल्यावर दोन अगदी दूरच्या मुलखांतल्या माणसांना घरातला तोच रांजण आठवला, याचे मला आजही नवल वाटते.

जडणघडणीत मात्र फरक आहे. निघोजचे खळगे वाहत्या नदीने बेसाल्टमध्ये दगडगोटे गरगर फिरवून कोरले आहेत. इथे नदी नाही. ग्रॅनाइटच्या डोंगराच्या पूर्वेकडच्या तीव्र उताराच्या घळीत वर्षातून काही तास लोंढा येतो, तो टप्प्याटप्प्याने खाली पडतो आणि प्रत्येक टप्प्याच्या पायथ्याशी वाळू-खडी घुसळून एक खळगा तयार होतो. असे खळगे एकावर एक आहेत. ग्रॅनाइट पाणी झिरपू देत नाही आणि अरुंद घळीत ऊन थोडाच वेळ पोहोचते, त्यामुळे पाऊस थांबून महिने लोटले तरी वरच्या रांजणांत पाणी टिकून राहते.

ही संपूर्ण वाट याच पाण्याने ठरवली आहे. मेक्सिकोतले सोनोइता सोडल्यानंतर युमाजवळच्या कोलोरॅडो नदीपर्यंत कुठेही बारमाही वाहते पाणी नाही, म्हणून वाट एका पाणवठ्यावरून दुसऱ्यावर अशी उड्या मारत जाते. ती स्पॅनिश लोकांनी शोधली असे म्हणणे बरोबर नाही. हा मुलूख ओधाम लोकांचा आहे; त्यांच्यापैकी वाळूत राहणारे हिया चेड ओधाम इथली प्रत्येक टिनाहा ओळखत होते, आणि कॅलिफोर्नियाच्या आखातातून मीठ आणायला जाणाऱ्या ओधाम माणसांच्या वाटाही अशाच पाण्यावर बेतलेल्या होत्या. मेल्कियोर दियास हा स्पॅनिश मोहिमेतला अधिकारी १५४० मध्ये या बाजूने कोलोरॅडोपर्यंत पोहोचला. येशूसंघाचा धर्मगुरू युसेबियो कीनो १६९९ मध्ये आला, तेव्हा वाटेवरच्या एका टाक्यापाशी रात्री चांदण्यात पाणी सापडल्यामुळे त्या जागेला ‘चंद्राचे पाणी’ असे नाव पडले. सैतानाची वाट हे नाव जिला नंतर मिळाले, तिच्यावरच्या एका पाण्याला आधी चंद्राचे नाव होते, ही गोष्ट वडिलांना वाटेतच सांगा.

हुआन बाउतिस्ता दे आन्सा हा स्पॅनिश लष्करी अधिकारी १७७४ मध्ये याच वाटेने कॅलिफोर्नियाला गेला. पुढच्याच वर्षी तो बायकामुलांसह सुमारे २४० वसाहतकरी आणि जनावरांचा मोठा तांडा घेऊन निघाला, तेव्हा मात्र त्याने ही वाट टाळली आणि सांता क्रूझ व हिला या नद्यांच्या काठाने लांबचा फेरा घेतला. माझ्या मते या वाटेविषयीचा सर्वांत बोलका पुरावा हाच आहे. ज्याने ती स्वतः पार केली होती, त्याला रांजणात किती जणांपुरते पाणी आहे हे नेमके ठाऊक होते.

कॅलिफोर्नियात सोने सापडल्यावर १८४९ पासून मेक्सिकोच्या सोनोरा प्रांतातले हजारो लोक याच वाटेने निघाले, आणि त्यांच्यापैकी अनेकांनी तो हिशेब केला नव्हता. १८९० च्या दशकात सीमेची पाहणी करणाऱ्या पथकातला लष्करी अभियंता गेलार्ड याने एका दिवसाच्या, तीस मैलांहून थोड्या अधिक रपेटीत ६५ थडगी मोजली. (पनामा कालव्याच्या कुलेब्रा खिंडीला पुढे ज्याचे नाव दिले गेले तोच हा अधिकारी.) रेल्वे १८७७ मध्ये युमापर्यंत आली आणि मग वाट ओस पडत गेली. टिनाहास आल्तासच्या पायथ्याच्या सपाटीवर दगडांची वर्तुळे आणि ओळी आहेत, त्या नीट पाहा आणि त्यांच्यावर पाय पडू देऊ नका. खालचे रांजण कोरडे निघाले की इतक्या लांब आलेल्या माणसात वर चढण्याचे त्राण उरत नसे, आणि वर पाणी असताना तो खाली मरत असे, असे सांगतात. ती घळ पाहिल्यावर ते खरे वाटते.

याच जागी १९०५ च्या उन्हाळ्यात डब्ल्यू. जे. मॅक्गी हा भूगर्भ आणि मानववंश यांचा अभ्यासक हवामानाच्या नोंदी घेण्यासाठी तळ ठोकून होता. २३ ऑगस्टच्या पहाटे त्याला बैलाच्या हंबरण्यासारखा आवाज ऐकू आला. तो आणि त्याचा ओधाम सोबती होसे पाणी घेऊन धावले, तेव्हा वाटेवर पाब्लो वालेन्सिया हा सोन्याच्या शोधात निघालेला माणूस पडलेला होता. एका दिवसाच्या पाण्यावर त्याने जवळजवळ सात दिवस काढले होते. ओठ आक्रसून दात आणि हिरड्या उघड्या पडल्या होत्या, कातडी वाळलेल्या चामड्यासारखी झाली होती आणि खडकांनी झालेल्या जखमांतून रक्त येत नव्हते. त्याला दिसत नव्हते, ऐकू येत नव्हते, घोटही गिळता येत नव्हता. त्यांनी आधी त्याच्या अंगावर पाणी शिंपडून चोळले, आणि बऱ्याच वेळाने तो गिळू लागला. तो वाचला. मॅक्गीने पुढच्या वर्षी तहानेचे पाच टप्पे सांगणारा एक वैद्यकीय निबंध प्रसिद्ध केला, तो मुख्यतः या एका माणसाच्या निरीक्षणावर उभा आहे.

निवडुंग

दोघांचेही मनापासून आभार. कालच फोनवर वडिलांना रांजणाचा अर्थ सांगितला. ते विद्यार्थ्यांच्या सहली दरवर्षी निघोजला नेत असत. क्षणभर ते काही बोलले नाहीत आणि मग त्यांनी ग्रॅनाइटच्या खळग्यांच्या कडा बेसाल्टइतक्या गुळगुळीत असतात का, असे विचारले. हा प्रश्न मी इथे पुढे ठेवतो.

पाण्याचा हिशेब मी चुकीच्या बाजूने सुरू केला होता, हे लक्षात आले. शंभर लीटर पाणी बरोबर घेणार आहे. बेत फेब्रुवारीच्या पहिल्या आठवड्यावर नेला आहे. चाकोरी, तुमची गाडी बरोबर असेल तर माझी मोठीच चिंता मिटेल. आता टाक्यांपर्यंतचा चढ आणि मुक्कामाची जागा याविषयी कोणी सांगू शकेल का? टिनाहास आल्तासच्या अगदी पायथ्याशी तंबू लावून पहाट तिथेच पाहावी, असे मनात होते.

कातळटाके

निवडुंग, पायथ्याशी तंबू लावू नका. ज्या पाणवठ्यावर जनावरे अवलंबून आहेत त्याच्या पाव मैलाच्या आत मुक्काम करणे अ‍ॅरिझोनात कायद्यानेच मना आहे, आणि इथे त्यामागचे कारण डोळ्यांसमोर असते. मोठ्या शिंगांची रानमेंढरे अंधारात आणि पहाटे पाण्यावर येतात. माणसाची चाहूल लागली तर ती वरच्या कड्यावर थांबून राहतात आणि पाणी न पिताच परत जातात. मी एका संध्याकाळी बऱ्याच अंतरावरून दुर्बिणीतून एक मादी आणि तिचे कोकरू पाहिले होते. खाली कोणाचा तरी कुत्रा भुंकत होता, तो गाडीत बंद होईपर्यंत ती दोघे कपारीत तासभर निश्चल उभी होती. सोनोरन प्राँगहॉर्न हे हरणासारखे प्राणी तर २००२ च्या दुष्काळात अमेरिकेत अवघे २१ उरले होते, ते पुढे प्रजनन केंद्रातून वाढवावे लागले. त्यांच्या विणीसाठी १५ मार्च ते १५ जुलै अभयारण्याचा बराच भाग बंद असतो. मुख्य वाट तेव्हाही खुली असते, पण फेब्रुवारी तुमच्यासाठी सर्वच दृष्टींनी बरा. पहिला मुक्काम पापागो वेलला आणि दुसरा टूली वेलला करावा, तिथे मुक्कामाच्या ठरलेल्या जागा आहेत. तिसऱ्या दिवशी सकाळी टिनाहास आल्तासला पोहोचलात तर दुपारपर्यंतचा वेळ हाताशी राहतो.

चढाविषयी. सर्वांत खालच्या रांजणापर्यंत तुमचे वडील सहज जातील; गाडीपासून ते थोडक्या चालीचे काम आहे. त्याच्या वरचा कातळ तिरका आणि लोंढ्याने घासून गुळगुळीत झालेला आहे. हे त्यांच्या प्रश्नाचे अर्धे उत्तर झाले: लोंढा जिथून जातो तिथल्या कडा हाताला काचेसारख्या लागतात, पण हातभर बाजूला सरकले की ग्रॅनाइटचे खरखरीत कण बोटांना टोचतात. बेसाल्टमध्ये इतका जवळजवळ बदल मला कधी जाणवलेला नाही. सह्याद्रीतल्या किल्ल्यांवर कातळटप्पे चढायची सवय असलेल्या मामेभावाला वरचे रांजण मोह घालतील, पण तिथे घसरला तर उचलून आणायला तिघे पुरणार नाहीत. वरचे रांजण पाहायचे असतील तर घळीतून न चढता बाजूच्या धारेने वळसा घालून वर जावे. तिकडेही तोल सांभाळावा लागतो, म्हणून वडिलांनी खालीच थांबावे असे मी सुचवीन.

खाली थांबण्यात त्यांचे काही हुकणार नाही. जवळच्या सपाट कातळावर धान्य आणि शेंगा कुटण्यासाठी वापरलेली उखळे आहेत. काही बोटभर खोल, काहींत कोपरापर्यंत हात जाईल अशी. पावसानंतर त्यांत दोन-चार घोट पाणी साचते आणि त्यावर मधमाश्या येतात. त्या उखळाशी बसले की बरोबर समोर वाळवंट पसरलेले दिसते, म्हणजे कुटणारी बाई येणाऱ्या माणसाला कितीतरी आधी पाहू शकत असणार. वालेन्सियाचा आवाज मॅक्गीच्या तळापर्यंत कसा पोहोचला असेल, तेही त्या जागेवरून उमगते. उखळात पाय घालू नये, त्यात पाणी ओतू नये, आणि कोरीव चित्रांवर हात फिरवू नये. रांजणातल्या पाण्यात हातपाय धुऊ नयेत हे वेगळे सांगायला नको, पण मी तिथे साबणाचा फेस पाहिलेला आहे, म्हणून सांगतो.

निवडुंग

उखळाचे वर्णन वडिलांना वाचून दाखवले, त्यांनी तिथेच बसायचे ठरवले आहे. वरचे रांजण मामेभाऊ आणि मी धारेवरून पाहू. एक शेवटची शंका आहे, ती विचारायला संकोच वाटतो. हा सीमेचा मुलूख आहे. वाटेत कोणी पायी चालणारा माणूस पाणी मागत आला तर काय करावे?

चाकोरी

संकोच करू नका. हा प्रश्न निघण्यापूर्वीच विचारलेला बरा. दक्षिण अ‍ॅरिझोनाच्या वाळवंटात २००० नंतर हजारो माणसांचे मृतदेह आणि सांगाडे सापडले आहेत, त्यामुळे ‘जुनी वाट’ यांनी सांगितलेली थडग्यांची गोष्ट संपलेली नाही. वाटेने जाताना तुम्हाला उंच खांब दिसतील. त्यांच्यावर दिवा आणि लाल बटण असते, ते दाबले की बॉर्डर पेट्रोलची गाडी येते. ते बटण तुमच्या अडचणीतही वापरता येते, तेव्हा दिसेल तो प्रत्येक खांब नकाशावर टिपून ठेवा.

माणूस भेटला तर गाडी थांबवून त्याला पाणी आणि खायला द्यावे. मी अशा प्रसंगासाठी एक भरलेला कॅन वेगळा ठेवतो आणि त्याला स्वतःच्या हिशेबात धरत नाही. पाणी एकदम पिऊ देऊ नये, थोडेथोडे द्यावे, आणि मीठ-साखरेची पुडी जवळ असेल तर ती त्यात घालावी. तो भेलकांडत असेल, असंबद्ध बोलत असेल किंवा त्याचा घाम थांबलेला असेल, तर त्याला सावलीत निजवून कपडे ओले करावेत आणि उपग्रहयंत्रावरून तातडीची मदत मागवावी. माणूस धडधाकट असला तरी त्याला गाडीत घेऊन पुढे नेण्याने कायद्याचे प्रश्न उभे राहतात, म्हणून मदत जागेवरच द्यावी आणि मदत येईपर्यंत थांबावे. थांबण्यासाठी जो वेळ जाईल त्याचेच ते जादा दोन दिवसांचे पाणी आहे.

फेब्रुवारीत मी टूसॉनहून आदल्या दिवशी संध्याकाळी आहोला येईन. आपण सकाळी सहा वाजता गावातल्या पेट्रोल पंपावर भेटू, दोन्ही गाड्यांच्या टायरची हवा पाहू, आणि तुमचे कॅन भरून झाले की दहा मिनिटे उलटे करून ठेवू.